वडकुलीचं ऊन

देशाला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल, तर कुणाला तरी आधी उठावं लागतं. हे तत्त्व सर्वमान्य आहे. मतभेद असलाच तर तो कुणी उठायचं एवढ्यापुरता असतो, आणि राजुरा तालुक्यातल्या वडकुली गावानं तोही शिल्लक ठेवलेला नाही. राष्ट्राच्या ऊर्जेसाठी वडकुली आजवर दोनदा उठलं आहे.

पहिल्यांदा उठलं ते कोळशासाठी. गावाखाली कोळसा सापडला. (त्याच्यावर गाव आहे हेही त्याच पाहणीत सापडलं, पण गावाची प्रत हलकी होती.) तेव्हा गाव थोडं पलीकडे सरकवलं. दुसऱ्यांदा उठलं ते मातीसाठी. कोळसा काढायचा तर त्यावरची माती कुठंतरी टाकावी लागते. ती टाकता टाकता तिचा डोंगर झाला आणि डोंगर वाढत वाढत गावाच्या वेशीला आला. डोंगर हलवणं खर्चिक होतं, म्हणून गाव हलवलं. आज कागदोपत्री गावाचं नाव 'वडकुली (पुनर्वसित) (सुधारित)' असं आहे. कंसाबाहेर जे गाव होतं, त्या जागी आता खड्डा आहे.

लहानूभाऊ निमगडे दोन्ही वेळा उठले. पहिल्या खेपेला जमिनीच्या बदल्यात त्यांना खाणीत नोकरी मिळाली, म्हणजे आपलंच गाव खोदायचं काम मिळालं. विहिरी कुठं आहेत, कुणाच्या घराचा पाया किती खोल आहे, हे त्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे काम लवकर उरकलं आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला. सत्कारात मिळालेली शाल अंजनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कधी पेटीबाहेर काढली नाही. दुसऱ्या खेपेला मात्र अंजनाबाईंनी नव्या घराच्या भिंतीत स्वतः विटा रचल्या, पत्रे चढवून घेतले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लावल्या, आणि सगळं झाल्यावर उंबऱ्यात बसून सांगितलं, "आता या घरातून मी तिसऱ्यांदा उठत नाई. उठीन तं चौघाच्या खांद्यावर." लहानूभाऊंनी मान हलवली. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या थोड्या गोष्टींवर दोघांचं एकमत झालं, त्यातली ही एक.

आणि गेल्या उन्हाळ्यात घरामागं कुणीतरी चुन्याच्या रेषा मारून गेलं. खाण वाढणार अशी बातमी होती. अंजनाबाईंनी रेषांवर शेणाचा सडा टाकला. पण सड्यानं खाण अडत नाही, हे लहानूभाऊ खाणीतच नोकरी केल्यामुळे जाणून होते. त्यांची झोप उडाली.

नेमकं त्याच वेळी जिल्ह्यात ऊर्जा स्वावलंबन पंधरवडा आला. (तो बावीस दिवस चालला.) पेट्रोलची बचत व्हावी म्हणून मोटारसायकलींची भव्य रॅली निघाली. शाळांमध्ये घोषवाक्यांची स्पर्धा झाली. महिला मंडळांनी पवनचक्कीच्या रांगोळ्या काढल्या आणि त्या वाऱ्यानं उडून गेल्यावर वाऱ्याच्या क्षमतेबद्दल कुणाच्याही मनात शंका उरली नाही. समारोपाला चंद्रपुरात महाचर्चा ठेवली होती. विषय होता, 'राष्ट्राची ऊर्जा : कोळसा की सूर्य?' दोन्ही बाजूंना विद्वान होतेच, शिवाय काही 'प्रत्यक्ष लाभार्थी' बोलावले होते. दोनदा लाभ घेऊनही बोलण्याइतपत प्रकृती ठीक असलेला माणूस म्हणून राजुऱ्यातून लहानूभाऊंची निवड झाली.

लहानूभाऊंनी सरळ हिशेब मांडला. चर्चेत सूर्य जिंकला तर कोळसा हरणार. कोळसा हरला तर खाण वाढणार नाही. खाण वाढली नाही तर घर राहणार. या तर्कात कुठंही चूक नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

भाषणाचा सल्ला त्यांनी कय्यूमभाईंना विचारला. कय्यूमभाई राजुऱ्यात कूलर दुरुस्त करतात, आणि उन्हावर पोट असणारा माणूस उन्हाविषयी जाणकार असतो अशी लहानूभाऊंची समजूत होती. कय्यूमभाई म्हणाले, "कोळशाले शिव्या नोका देऊ, लहानूभाऊ. तिथी कंपनीचे सायब बसले रायते. तुमी फकस्त आपल्या उन्हाची तारीफ करा. असं ऊन साऱ्या हिंदुस्तानात नाई."

इथं बाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. इतर जिल्ह्यांत लोक ऊन सोसतात. चंद्रपूरकर ते मिरवतात. उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या बातमीत चंद्रपूरचं नाव आलं, की चहाच्या टपरीवर माणसं घाम पुसत एकमेकांचं अभिनंदन करतात. एखाद्या दिवशी जिल्ह्यातल्याच ब्रह्मपुरीचा पारा अर्ध्या अंशानं वर गेला, तर त्यांच्याकडचं यंत्रच बिघडलं असणार यावर सर्वपक्षीय एकमत होतं. पुण्याचा जावई मे महिन्यात भोवळ येऊन आडवा झाला, तर सासरा त्याला कांदा हुंगवतो, पण आतून सुखावतो. लहानूभाऊ काही या नियमाला अपवाद नव्हते.

महाचर्चा वातानुकूलित सभागृहात झाली. उद्घाटनाच्या दीपप्रज्वलनानंतर लगेच वीज गेली आणि पुढचा कार्यक्रम डिझेलच्या जनरेटरवर चालवावा लागला. (अहवालात 'कार्यक्रम मिश्र ऊर्जास्रोतांवर पार पडला' अशी नोंद आहे.) कोळशाच्या बाजूनं एका प्राध्यापकांनी दाखवून दिलं, की सूर्य संध्याकाळी घरी जातो आणि कोळसा मात्र तिन्ही पाळ्यांत हजर असतो. सूर्याच्या बाजूनं दुसऱ्या प्राध्यापकांनी सांगितलं, की कोळसा संपेल, सूर्य मात्र आणखी काही अब्ज वर्षं पुरेल. तोवर आयोजन समिती तीच राहील का, असं कुणीतरी मागून विचारलं, पण जनरेटरच्या आवाजात ते विरलं.

मग गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावाहून आलेल्या बुधरीबाई बोलल्या. "आमच्या गावात खांब आले. तार नाई आली. खांबाले आमी बैल बांधतो." एवढं बोलून त्या थांबल्या. अध्यक्षांनी प्रेमानं विचारलं, "मग बाई, आपलं मत कोळशाला की सूर्याला?" बुधरीबाईंनी नीट विचार केला आणि म्हणाल्या, "तारेले." मत विषयाला धरून नसल्यामुळे बाद झालं.

यानंतर लहानूभाऊ उठले. डोळ्यांपुढं चुन्याच्या रेषा होत्या. पण ऊन म्हटल्याबरोबर त्यांची जीभ सुटली.

"आमच्या वडकुलीत ऊन कसं पडते, सांगू का जी? पापड वाळू घालाचा, घरात जाऊन पानी प्याचं, अन् बाहेर याचं. पापड तय्यार. सकाळी जे सुरू होते, ते सांजेपर्यंत हटत नाई. मधात आड याले झाडच नाई. आमाले जागा देल्ली तवा सरकारनं असा रोलर फिरवला, का गोटी ठेवली तं जागची हलत नाई. ढगबी आमच्यावरून थांबल्याबिगर जाते. रस्ता पक्का हाये, ट्रक येते-जाते. वीज नेनारे मोठे टॉवर तं आमच्या घरामागूनच गेले, रात्री गुनगुन आयकू येते."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत एक साहेब बसले होते. ते कोणत्या खात्याचे, हे लहानूभाऊंना ठाऊक नव्हतं. इतका वेळ मोबाइल पाहणाऱ्या त्या साहेबांनी आता खिशातून पेन काढलं. ऐकणारा भेटला की बोलणाऱ्याला चेव येतो. लहानूभाऊंनी शेवटचं वाक्य काळजातून काढलं. "अन् आमचे लोकं म्हनान तं लय सादे. दोनदा उठवलं आमाले, पन एकानंबी दगड नाई उचलला."

सूर्य प्रचंड बहुमतानं जिंकला. उत्कृष्ट लाभार्थी वक्ता म्हणून लहानूभाऊंना मोठा करंडक मिळाला. कय्यूमभाईंनी तो ऑटोत पुढं ठेवून वडकुलीपर्यंत आणला. त्या रात्री लहानूभाऊंना गाढ झोप लागली. पुढं पावसाळाभर चुन्याच्या रेषांकडं कुणी फिरकलं नाही. अंजनाबाईंनी मागच्या अंगणात वांगी लावली, आणि नवऱ्याच्या बोलण्याचा संसाराला पहिल्यांदाच उपयोग झाला असं शेजारणीजवळ कबूल केलं.

दिवाळीनंतर तालुक्याचे साहेब आले. विहारासमोर सभा भरली. साहेबांनी दोन घोषणा केल्या. पहिली अशी, की शासनानं जनभावनेचा आदर करून खाणीचा विस्तार रद्द केला आहे. माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. दोघांनी लहानूभाऊंना खांद्यावर घेतलं. दुसरी घोषणा अशी, की जनभावनेचाच आदर करून वडकुलीच्या जागेवर राष्ट्रीय महत्त्वाचा सौर प्रकल्प होणार आहे. स्थळ का निवडलं, याची कारणं साहेबांनी वाचून दाखवली : दिवसभर अखंड ऊन. जमीन सपाट. वृक्षतोडीची गरज नाही. पक्का रस्ता. वीजवाहिनी लगत. स्थानिक लोक समजूतदार, स्थलांतराचा पूर्वानुभव असलेले.

टाळ्या थांबल्या. सगळ्या गावानं लहानूभाऊंकडं पाहिलं. ते अजून खांद्यावरच असल्यामुळे सगळ्यांना नीट दिसत होते. आता जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं, पण ती जमीन आता प्रकल्पाची होती.

घरी अंजनाबाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. "तोंड हाये का कूलर तुमचं? बटन दाबलं का चालू? ऊन तं देशभर पडते. तुमाले आपल्याच घरचं काऊन दिसलं?" लहानूभाऊंना खरोखर फार वाईट वाटत होतं. खाणीनं गाव नेलं तेव्हा शिव्या द्यायला निदान खाण होती. आता सूर्याला काय बोलणार?

साऱ्या गावानं हरकती लिहून दिल्या आणि हरकतींची मुदत संपल्यावर दोघं चंद्रपूरला सौर प्रकल्पाच्या कचेरीत गेले. साहेब तेच होते, महाचर्चेत पहिल्या रांगेत बसून पेन काढणारे. त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि भाषणाची मनापासून स्तुती केली. नवी जागा जंगलाच्या कडेला होती. तिथं सावली भरपूर आहे, असं साहेब म्हणाले.

"अन् वाघ?" अंजनाबाईंनी विचारलं.

"वाघही आहे. तोच तर फायदा आहे, बाई. वाघ आहे म्हणून तिथं खाण येणार नाही, सावली आहे म्हणून सौर प्रकल्प येणार नाही. देशाच्या ऊर्जेसाठी तुम्हाला पुन्हा कधीच उठावं लागणार नाही." (उठावं लागलंच तर ते वाघाच्या ऊर्जेसाठी, आणि तो विषय वेगळ्या खात्याकडं येतो.)

लहानूभाऊंनी हात जोडले. "सायेब, मी मूरखासारखा बोललो. माह्या बोलन्यापायी साऱ्या गावाले काऊन उठवून राह्यले? आमी साऱ्यानं हरकत लिवून देल्ली हाये."

"सगळ्या हरकती मिळाल्या," साहेब म्हणाले. "अक्षरं सुंदर आहेत. पण प्रकल्प समितीनं मोजणी केली आणि बहुमत प्रकल्पाच्या बाजूनं आहे."

"बाजूनं कोनं लिवलं?"

"लिहिलं कुणीच नाही. पण प्रकल्प राष्ट्रीय असल्यामुळे मत द्यायचा हक्क देशातल्या प्रत्येक वीज वापरणाऱ्याला होता. मुदतीत ज्यांनी काही कळवलं नाही, त्यांची संमती धरली आहे."

एवढ्या माणसांपुढं वडकुली किती, हे लहानूभाऊंना न मोजताच कळलं. अंजनाबाईंनी मात्र पदर खोचला. "त्याइले मालूम तरी होतं का, का त्याइनं हो म्हटलं म्हनून?"

"जाहिरात दिली होती, बाई. अकराव्या पानावर."

"मंग आता तरी सांगा त्याइले," अंजनाबाई म्हणाल्या आणि चहाला हात न लावता उठल्या.

साहेबांना इतर कामं असल्यामुळे ते आम्ही सांगतो आहोत. वाचकहो, वडकुलीला तिसऱ्यांदा उठवायला आपली संमती होती. मुदत संपली असल्यामुळे आता आपल्याला काही करायची गरज नाही. मुदत असती तरी आपण काही केलं नसतं, असा समितीचा अंदाज होता आणि त्याच भरवशावर तिनं सगळी मोजणी केली. असा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही, त्याबद्दल समितीनं आपले आभार मानले आहेत.