भिकनचे हातवारे

प्रत्येक चेंडू संपला की आमचा विकेटकीपर भिकन महाजन सीमारेषेकडे तोंड करायचा आणि ग्लोव्हज घातलेले हात हवेत नाचवायचा. कधी पंजा गरागरा फिरव, कधी दोन्ही मुठी जुळवून झटक्यात तोड, कधी छातीवर थाप मारून हात पाठीमागे ने. समोरचा फलंदाज आधीच घामाघूम, त्यात मागे हा प्रकार. एका फलंदाजाने तर चक्क यष्टींमागची माती उकरून लिंबूबिंबू पुरलंय का ते पाहिलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा अमरावतीचा, सुरतेत इच्छापोरच्या एका कापड कंपनीत अकाउंट्सला होतो. आकडे येतात म्हणून कंपनीच्या क्रिकेट टीमचा स्कोअररही मीच. भिकन धुळ्याकडचा. लहान वयात कतारगामच्या पॉवरलूमवर लागला आणि रविवारी मैदानात चेंडू अडवता अडवता आमच्या सेक्रेटरींच्या, म्हणजे देसाईभाईंच्या, नजरेत भरला. त्यांनी त्याला एका हंगामापुरतं पगारावर घेतलं. चांगला खेळला तर कायमची नोकरी, नाहीतर पुन्हा लूम.

त्याचं बोलणं म्हणजे भांडणच. "चहा घ्या साहेब" एवढंही तो असं ओरडायचा की कॅन्टीनवाला दचकून दोन कप आणायचा. गोलंदाजाला त्याचा अहिराणीत एकच मंत्र, "टाक भो, मांगे मी शे!" म्हणजे टाक भाऊ, मागे मी आहे. मैदानाबाहेरही तेच. माझी स्कूटर चालू झाली नाही की मागून धक्का देत ओरडायचा, "गिअर टाका साहेब, मांगे मी शे!" दोनदा मी त्याच्या भरवशावर खड्ड्यात गेलोय.

हातवाऱ्यांची तक्रार शेवटी अंपायरांनी केली. फायनलच्या सकाळी देसाईभाईंनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "आ क्रिकेट छे के भवाईनो तमाशो? आज एक पण इशारो कर्यो, तो नोकरी भूली जजे!"

भिकनने मान खाली घातली आणि खरोखरच हात आवरले. पण हात बांधल्यासारखा खेळायला लागला. साधा झेल सुटला, चार बाय गेल्या. देसाईभाई शामियान्यात खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. चहाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. "अरे, खेळतोस की श्राद्धाला आलायस?"

तो पहिल्यांदाच हळू बोलला. "साहेब, त्या निंबाखाले मना आबा बसेल शेतस."

हजीरा रोडच्या कडेला लिंबाखाली धोतर-टोपीतला एक म्हातारा मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. त्याला मी दर सामन्याला पाहिलं होतं. कुणाचा कोण म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"जिंदगी लूमवर गयी. कान गयात. इतल्या दूर बॉलबी दिसत नही. घर एकलाच ऱ्हातस, म्हनून संगे लई येस. काय चालनं ते हातवरी सांगस."

लूमच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली सगळी माणसं खुणांनी बोलतात. मुठी तोडल्या की धागा तुटला. हात स्थिर झाले की मशीन बंद, पाळी सुटली. भिकन त्याच भाषेत बापाला मॅच सांगत होता.

"मग देसाईभाईंना सांग ना, गाढवा!"

"आबाना कान गयात हाई समजनं, तर साहेब पहिले मनाच कान तपासतीन. मी बी लूमवरनाच शे ना."

सुट्टी संपली आणि मी स्कोअरबुकाकडे परतलो.

समोरच्या टीमची शेवटची जोडी खेळत होती, त्यांना तीन धावा हव्या होत्या. गोलंदाज रस्त्याच्या बाजूने धावायला निघाला आणि त्याच्यामागे, लिंबाखाली, आबा उठले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दुपारभर पोराचे हात हलले नव्हते, म्हणजे पाळी सुटली होती. ते शांतपणे रस्त्याकडे चालू लागले. रस्त्यावर हजीऱ्याचे ट्रक हॉर्न देत सुसाट जात होते.

भिकनने ते पाहिलं. हाक मारून उपयोग नव्हता. तोवर चेंडू आला, बॅटजवळून गेला आणि भिकनच्या ग्लोव्हजमध्ये बसला. स्लिप आणि गोलंदाज ओरडले, अंपायरने बोट वर केलं. भिकनने ते बोट बघितलंही नाही. पॅड घातलेल्या पायांनी तो थपथप करत रस्त्याकडे धावत सुटला.

टीमला वाटलं, जिंकल्याच्या आनंदाने पोरगं पिसाळलं. तेही ओरडत त्याच्या मागे. त्यांच्या मागे देसाईभाई, त्यांच्या मागे स्कोअरबुक घेऊन मी. अशी आमची वरात रस्त्याला भिडली, तेव्हा भिकनने आबांचा दंड धरला होता आणि एक ट्रक धूळ उडवत पुढे गेला होता.

भिकनने दोन्ही मुठी जुळवल्या आणि तोडल्या. आबा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आउट? मंग पाळी सुटनी का नही?"

ते इशारे कुणासाठी होते हे देसाईभाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी बापाकडे पाहिलं, मग लेकाकडे. "अने तारा कान?"

"बॉलनी कट बराबर ऐकनी, साहेब!" भिकन ओरडला.

आबांची पिशवी देसाईभाईंनी स्वतःच्या हातात घेतली आणि त्यांना शामियान्यात नेऊन आपल्या खुर्चीवर बसवलं. भिकनला कायमची नोकरी लागली आणि हातवारेही परत सुरू झाले.

नोकरीचे पेढे द्यायला तो माझ्या टेबलाशी आला. मी सहज विचारलं, "ट्रकांच्या एवढ्या हॉर्नमध्ये ती बारीक कट तुला कशी रे ऐकू आली?"

तो जवळ वाकला. "ऐकू नही उनी, साहेब. हातले समजनी." मग पेढ्यांच्या खोक्याकडे बघत म्हणाला, "उजवा कानले आते काहीच येत नही. कोनले सांगू नका."

आजवर हा माणूस ओरडतो म्हणून आम्ही हसत होतो. मी समोरची खुर्ची त्याला दिली, माझी उचलून त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला ठेवली आणि म्हटलं, "बस. त्या खुणा मलाही शिकव. पुढे लागतील."

तो बसला आणि त्याने पहिली खूण शिकवली. छातीवर थाप मारायची आणि हात पाठीमागे न्यायचा. मी विचारलं, "याचा अर्थ काय?"

"मांगे मी शे," तो म्हणाला. मी ती खूण त्याला करून दाखवली. मग त्याने न ओरडता मला पुन्हा एकदा करायला सांगितली.