संघर्ष कुरणे प्लॅटफॉर्म निवडतात

रविवारी सकाळी संघर्ष कुरणेनं एवढंच ठरवलं, की आपण फक्त बघायचं. निवडायचं नाही, नुसतं बघायचं. माणूस बुडतो तो असाच नुसतं बघायला गेल्यावर, हे त्याला बेचाळिसाव्या वर्षी तरी ठाऊक असायला हवं होतं.

तो कोल्हापुरातल्या एका दूध संस्थेचा कॉम्प्युटर विभागप्रमुख. (विभागात तो एकटाच, त्यामुळे निवड बिनविरोध.) संस्थेला एकाच दणकट मशीनमध्ये चार सर्व्हर बसवायचे होते, आणि त्यांना तिथं गुण्यागोविंदानं नांदवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लॅटफॉर्म, निवडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. एक विकतचा, एक फुकटचा. दीड महिना दोन्हींचे गुणदोष वाचून वाचून बिचाऱ्याचा जीव आंबून गेला होता.

चेअरमन आकाराम अप्पांना समजावताना तर कहरच झाला.

"अप्पा, घर एकच, पण आत चुली चार. एकीवर भांडण पेटलं तरी दुसरीला झळ न्हाय."

अप्पांचा चेहरा उतरला. "आमच्या वाटणीचं तुला कुणी सांगितलं रं?"

(अप्पांच्या घरचे चौघे भाऊ गेल्याच महिन्यात वेगळे झाले, हे संघर्ष सोडून साऱ्या गल्लीला माहीत होतं.) शेवटी अप्पा म्हणाले, "सोमवारी नाव सांग. न्हाईतर मी निवडतो, आणि मला त्यातलं कायबी कळत न्हाय."

धमकी अस्सल होती. म्हणून बायको भाजीला गेलेली बघून त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर फुकटचा प्लॅटफॉर्म चढवायला घेतला. पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? असल्या प्रश्नांना तो वीस वर्षं न वाचताच 'हो' म्हणत आला होता. (सासऱ्यांच्याही.) प्लॅटफॉर्म मात्र झकास बसला. पाच मिनिटं तो खरोखर सुखात होता.

मग प्रियदर्शनी भाजी घेऊन आली. ती हातकणंगल्याच्या हायस्कुलात मराठी शिकवते. नववीची प्रश्नपत्रिका तिनं आठ दिवस खपून याच कॉम्प्युटरवर टाइप केली होती, आणि सोमवारी सकाळी ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर हवी होती.

"माझा पेपर कुठं हाय?" हातातली पिशवी न ठेवताच तिनं विचारलं.

"आता तिथं चार सर्व्हर बसतील एवढी जागा झालीया," तो म्हणाला. "तू कॉपी ठेवली असशील की कुठं?"

"कॉपी ठेवायचा पगार तुम्हाला मिळतोय. मला न्हाय."

त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि भूकही लागली होती. पण जेवणाचा विषय काढायची ही वेळ नव्हती.

नशीब, कच्ची वही सापडली. ऑफिसच्या लॅपटॉपवर दिवसभर ती सांगत गेली, तो बडवत गेला. संध्याकाळपर्यंत पाठीचा पार कणा मोडला आणि ते एकदाचे निबंधाला आले. वहीत 'माझा आवडता ऋतू' होता. प्रियदर्शनीनं वही मिटली.

"घ्या लिहून. आत्मकथन. 'मी घरचा कॉम्प्युटर बोलतोय.' मुद्दे: पूर्वीचे सुखाचे दिवस, मालकाचा आगाऊपणा, रविवारची दुर्घटना, समाजाला संदेश."

संघर्षची बोटं थांबली. "अगं, एकशेवीस पोरं लिहितील की हे!"

"लिहू देत. आठ मार्क हायत."

"निदान खाली 'किंवा' टाकून दुसरा एखादा विषय दे. पोरांना निवडायला."

"निवडायला दिल्यावर काय होतंय ते बघितलं की सकाळी," ती म्हणाली. "अनिवार्य लिहा."