इंजिन गार होईपर्यंत

कांतीशेठ गाडीचं बॉनेट उघडण्याआधी त्याच्यावर टकटक करतात. कुणाच्या घरी गेल्यावर दारावर करावी तशी, तीनदा. मग कान लावतात आणि म्हणतात, "कोण हाय का आत? निघा बाबांनो, काम काढलंय."

आत पाल असेल, मुंग्या असतील, गांधीलमाशीनं घर केलं असेल, तर त्यांना निघायला वेळ मिळावा म्हणून. जैन माणूस, जिवाला जपणारा. एकदा एका डॉक्टरच्या गाडीत उंदरीण व्यालेली निघाली. शेठनी अलगद बॉनेट मिटलं आणि डॉक्टरला आठ दिवस एसटीनं फिरवलं. डॉक्टर फिरलाही.

ओतूरमध्ये आमची घरं समोरासमोर आहेत, मध्ये फक्त गल्ली. शेठचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, चाळीस वर्षं. मग मुलांनी पुण्यात दुकान काढलं आणि इथलं बंद केलं. शेठच्या बायको, आमच्या काकी, वारल्या त्याला तीन वर्षं झाली. मुलं दर दिवाळीला शेठना न्यायला येतात आणि तशीच परत जातात. "तिथं पार्किंग तळघरात हाय, राव," शेठ मला म्हणाले होते. "ऊन न्हाई. उन्हाबिगर प्लग कसा बघू?"

प्लग म्हणजे स्पार्क प्लग. पेट्रोल गाडीचे प्लग घरच्या घरी बदलणं हे शेठचं वेड. पूर्वी कधीतरी एका मेकॅनिकनं त्यांच्या गाडीत प्लग तिरपा घालून पान्यानं रेटला आणि आतले पेचाचे आटे खराब केले. तेव्हापासून शेठनी मेकॅनिकला बॉनेटला हात लावू दिलेला नाही. पुढे शेजाऱ्यांच्या गाड्याही त्यांच्याच अंगणात यायला लागल्या. पैसे घेत नाहीत.

मी जुन्या गाड्या घेतो-विकतो. ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केली, आज दारात सहा गाड्या उभ्या असतात, त्या कुणाच्या उपकारावर नाहीत. त्यामुळे फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. पण काम बघावं तर शेठचंच. एका वेळी एकच प्लग काढायचा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. काढण्याआधी भोवतालची माती फुंकून घ्यायची. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून नुसत्या बोटांनी फिरवायचा. अडला की थांबायचं, उलटा काढायचा, पुन्हा लावायचा. "ह्यो जोराचा गडी न्हाई, समजुतीचा हाय." पाना अगदी शेवटी, तोही इवलासा. कापड मोजताना शेठ चार बोटं जास्त द्यायचे, प्लगच्या फटीत मात्र केसभर इकडचं तिकडं चालत नाही. आणि एवढं सगळं पांढऱ्या शर्टात. एक डाग नाही.

एक नियम मात्र सगळ्यांच्या डोक्यात जातो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय शेठ प्लगला हात लावत नाहीत. "इंजिनाच्या गरम हेडातनं प्लग वढला की आटे संगं येत्यात." गाडी ठेवून जातो म्हटलेलं चालत नाही. मालकानं खुर्चीत बसायचं, खाखरा खायचा, चहा प्यायचा, शेठचं ऐकायचं. घाईतली माणसं आत चरफडतात. मी तर बाहेरच चरफडतो.

आता माझं भांडण सांगतो. पिंपरी पेंढारचे एक पाहुणे माझी गाडी घ्यायला आले होते. सौदा तोंडी पक्का झाला होता. गाडी द्यायच्या आधी नवे प्लग टाकावेत म्हणून मी ती शेठच्या अंगणात लावली. चांगुलपणा नडला. शेठनी तिसरा प्लग काढला, डॉक्टर जीभ बघतो तसा उन्हात धरला आणि थेट पाहुण्यांना म्हणाले, "हे बघा पावणं. काळा आन् वला. आईल चढतंय. रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागंल."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले.

"शेठ!" मी ओरडलो. "तुमाला प्लग बदलाया सांगितला व्हता, पंचनामा न्हाई!"

"मी कुटं बोललो? प्लग बोलला."

"त्याला गप बसवता येत न्हवतं?"

"न्हाई ना भाऊ," शेठ शांतपणे प्लग पुसत म्हणाले. "आन् मलाबी न्हाई येत."

रिंगांचं मला आधी माहीत होतं का, हा प्रश्न वेगळा. ठरलेला सौदा मोडायचा नाही, हा धंद्याचा कायदा आहे आणि चाळीस वर्षं दुकान केलेल्या माणसाला तो कळायला हवा होता. मी त्यांच्याशी बोलणं तोडलं. चार महिने. ते 'माझं चुकलं' म्हणत नाहीत तोवर त्यांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं.

परवा सकाळी बेल्ह्याच्या बाजाराला निघालो होतो. दोन गिऱ्हाइकं तिथं थांबणार होती. आणि माझी स्वतःची गाडी सुरू होईना. नुसती खोकायची. प्लग गेले, हे मला बाहेरूनच कळलं. मेकॅनिक लग्नाला गेलेला. दारातल्या बाकीच्या गाड्या विकायच्या, त्यांच्यात पेट्रोल मी ठेवत नाही. शेवटी दोन माणसं लावून गाडी ढकलत समोर नेली. मनात ठरवलं, आज काम तर करून घ्यायचंच, पण त्याआधी चूकही कबूल करून घ्यायची.

शेठ फाटकातच उभे होते. त्यांनी टकटक केली, कान लावला, बॉनेट उघडलं. इंजिनावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा झटकन मागं घेतला.

"बापरे! लई गरम हाय, भाऊ. तासभर बसावं लागंल."

गाडी आदल्या दुपारपासून उभी होती. काचेवर दव होतं. मी इंजिनाला हात लावला. माठासारखं गार.

माझं तोंड उघडलं होतं, शिवी ओठावर होती. पण शेठ माझ्याकडे बघत नव्हते. ते पंच्यानं एक खुर्ची पुसत होते, पुसून झालेली तीच खुर्ची परत पुसत होते. आणि माझ्यातल्या धंदेवाल्याला सगळा हिशेब एकदम लागला. आलेलं गिऱ्हाईक आधी बसलं पाहिजे, हे चाळीस वर्षांत हाताला लागलेलं वळण. दुकान गेलं, गिऱ्हाईक गेलं, घरातलं माणूस गेलं. माझ्या लाखाच्या सौद्यासाठी ज्याला साधं गप्प राहता आलं नाही, तो माणूस माझ्यासमोर सरळ खोटं बोलत होता. तेही तासाभरासाठी.

मी हात पँटला पुसला.

"तास?" मी म्हणालो. "एवढं तापलंय, तासात काय व्हतंय? दोन तास धरा."

शेठनी वर बघितलं. "बेल्ह्याला जायचं आसंल तुमाला. दीड."

"दोन. एक मिनिट कमी न्हाई."

"बरं," ते म्हणाले.

मी खुर्चीत बसलो आणि बेल्ह्याला फोन करून सांगितलं की आज येत नाही. शेठ आत निघाले. दुकानात गादीवरून शेजारच्या हॉटेलला द्यायचे तशी त्यांनी उंबऱ्यावरून मोठ्यांदा हाक दिली, "दोन च्या!" मग स्वतःच आत गेले, आणि गॅस पेटल्याचा आवाज आला.