मंत्र्यांचा उरलेला हात

मकसूदभाईंनी कंधारच्या आठवडी बाजारात दोरी बांधली, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी साठ फोटो टांगले आणि दुपारपर्यंत आयुष्यभराच्या कामाचे तुकडे करून घेतले.

बंद पडलेल्या एका दैनिकाचे ते फोटोग्राफर. निगेटिव्ह वाळवीनं खाल्ल्या. उरली प्रत्येक फोटोची एकच प्रत. नांदेडच्या एका संग्रहालयाच्या शिल्पा मॅडम सोमवारी ते न्यायला येणार होत्या. अट एवढीच, की फोटोतल्या माणसांची नावं हवीत. मकसूदभाईंना नावं ठाऊक होती ती मंत्र्यांची. बाकीच्यांना दैनिकानं चाळीस वर्षं ‘व नागरिक’ या दोन शब्दांत बसवलं होतं. म्हणून हा बाजार. ज्यानं ओळखलं, त्यानं खालच्या चिठ्ठीवर नाव-गाव लिहायचं.

काम झकास चाललं होतं. तेवढ्यात लसूण विकणाऱ्या तुळजाबाई पाझर तलावाच्या उद्घाटनापाशी थबकल्या.

“ह्यो तर आमचा मालक! न्हेते मी.”

“मावशी, एकच प्रत हाय.”

“मालकाचाबी येकच फोटू हाय. ह्योच. तेराव्याला पाट मोकळा ठिवला व्हता, भाऊ.”

मकसूदभाई फोटोचा चिमटा काढून पुन्हा लावू लागले. शेजारचा टेलर बसलिंगप्पा मात्र व्यवहारी होता. “दोन करा की! मंत्री तुमचा, मालक त्यांचा,” म्हणत त्यानं कातर चालवलीसुद्धा. “दोन्हीकडं माया सोडलीय. उद्या जोडायचं म्हणलं तर अडचण न्हाई.”

“अरे, मंत्र्याचा हात गेला की तिकडं!”

मंत्र्यांचा हात मालकाच्या खांद्यावरच राहिला होता. “ऱ्हाऊ द्या,” तुळजाबाई म्हणाल्या. “निवडणुकीनंतर तेवढाच आला आमच्याकडं.”

मग बसलिंगप्पाच्या मशीनपुढं रांग लागली. कुणाचा बाप, कुणाची आजी, कुणाचा पहिला बैल. ‘नको’ म्हणायला मकसूदभाई तीनदा उठले आणि तिन्ही वेळा समोरच्याचे डोळे बघून खाली बसले.

सोमवारी त्यांनी शिल्पा मॅडमपुढं पाकीट ठेवलं. “मॅडम, माफ करा. निस्ते मंत्री उरले.”

मॅडमनी पाकीट उघडून मिटलं. “हे आमच्याकडं पोत्यानं आहेत. माणसं कुठं गेली?”

“घरी,” मकसूदभाई म्हणाले आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं केला.

दोघं स्कॅनर घेऊन निघाले. तुळजाबाईंच्या भिंतीवर मालक चौकटीत बसले होते, गळ्यात हार, खांद्यावर मंत्र्यांचा हात. स्कॅन झाला. चिठ्ठीवर मात्र ‘तुळजाबाईचे मालक’ एवढंच होतं.

“नाव काय त्यांचं?”

“अगं बया! मालकाचं नाव घेऊ व्हय?”

“नावाशिवाय नोंद होत नाही, मावशी.”

तुळजाबाईंनी फोटोकडं बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. मालक गेल्यापासून सोळा वर्षांत त्यांना कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं.

“तळं आटलं, सायेब गेले, मोकळा ऱ्हायला पाट,
दगडोबारावांनी आज धरली घराची वाट.”

मॅडमनी नावाच्या रकान्यात दोन्ही ओळी उतरवल्या. मान वर केली तर दारात गल्लीतल्या पाच बाया, वेण्या-बिण्या घालून, आपापले तुकडे छातीशी धरून उभ्या. त्यातल्या रत्नम्माचा नवरा चांगला धडधाकट होता. तोही मागं येऊन थांबला होता, कान टवकारून.