आपत्तीग्रस्त स्मूदी

जगन्नाथराव ऊर्फ अप्पा परचुऱ्यांचे उरलेसुरले दात एकाच आठवड्यात सेवानिवृत्त झाले आणि नवी कवळी बसेपर्यंत त्यांना केवळ पातळ पदार्थ द्यावेत, असा वैद्यकीय निर्णय झाला. पेज, वरणाचं पाणी आणि बदल म्हणून पुन्हा पेज, अशी व्यवस्था काही दिवस चालली. मग अप्पांनी वाटी मुलापुढे सरकवली आणि विचारलं, "श्याम, मी पेशंट आहे का कैदी?"

श्यामसुंदर परचुरे बँकेत अधिकारी होते आणि नुकतेच साताऱ्याहून बदली होऊन जबलपूरला आले होते. दिवसभर लोकांना "उद्या या" सांगण्याची सवय असलेल्या माणसालाही वडिलांना तसं सांगवेना. अप्पांना फळं हवी होती. फळं चावता येत नव्हती. यावरचा तोडगा श्यामसुंदरांच्या पत्नी मीनाक्षीवहिनींनी मोबाइलवर शोधून काढला.

"ट्रॉपिकल स्मूदी," त्यांनी जाहीर केलं. "पपई, अननस, आंबा, केळं आणि नारळाचं दूध."

"ट्रॉपिकल म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"उष्ण कटिबंधातलं."

"म्हणजे आपल्या इथलंच की."

"हो, पण तसं सांगितलं तर कोणी पीत नाही."

कर्कवृत्त जबलपूरच्या जरा वरून जातं, त्यामुळे गावही या परीक्षेत काठावर का होईना, पास झालेलं होतं. अप्पांनी मंजुरी दिली. फळं आली. जुना मिक्सर सामानाच्या ट्रकमध्ये कामी आला होता, म्हणून बडा फुहाऱ्याच्या बाजारातून नवा आणला. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं, आणि आपल्याकडे कुठलंही काम इथपर्यंत आलं की नियम आठवतो.

तिलवारा रस्त्यावरच्या त्या कॉलनीत शांततेला फार महत्त्व होतं. शांतता राखावी, अशी सूचना तिथे लाउडस्पीकरवरून वारंवार दिली जाई. कोणतंही नवं आवाजी यंत्र सुरू करण्याआधी कॉलनीच्या ग्रुपवर विचारावं, असा नियम होता. श्यामसुंदर नियम पाळणाऱ्यांपैकी. त्यांनी आपल्या मते अत्यंत नम्र हिंदीत लिहिलं: "रविवार सुबह पिताजी के लिए मिक्सर चलाऊँगा। किसी की हरकत हो तो कृपया बताएँ।"

लगेच ग्रुपवर खालच्या मजल्यावरचे शुक्लाजी उमटले: "हरकत? हमारी? हमें इस पर घोर आपत्ति है।"

श्यामसुंदर मोबाइल घेऊन आत धावले. "मीनाक्षी, ऊठ! शुक्लांवर आपत्ती कोसळली. आणि तीही घोर!"

प्रथमोपचाराची पेटी आणि थर्मासभर चहा घेऊन ते जिना उतरले. शुक्लाजींनी दार उघडलं. ते धडधाकट दिसत होते, पण संकटात काही माणसं तशी दिसतात.

"शुक्लाजी, कैसी आपत्ति आ गई? घर में सब जीवित हैं न?"

शुक्लाजी एक पाऊल मागे सरले. "धमका रहे हैं आप?"

"नहीं, नहीं! आपकी आपत्ति में हम पूरी तरह आपके साथ हैं!"

"साथ हैं तो मिक्सर काहे चला रहे हैं?"

दार लागलं. थर्मास बाहेर राहिला.

उलगडा केला कॉलनीचे सेक्रेटरी चिंतामणीभाऊ यांनी. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून या मुलखात, त्यामुळे दोन्ही भाषांतले खड्डे त्यांना पाठ होते.

"परचुरे साहेब, काहून असं लिहून राहिले तुम्ही? अहो, इथं हरकत म्हणजे चाळे. तुम्ही अख्ख्या कॉलनीला विचारलं, कोणाचे काय चाळे आहेत ते सांगा."

"अरे देवा! आणि आपत्ती?"

"आपत्ती म्हणजे तुमची हरकत."

"मग माझी आपत्ती?"

"ते आता सुरू झाली, जी."

श्यामसुंदरांनी तातडीने ग्रुपवर लिहिलं, "मेरी हरकत के लिए क्षमा करें।" या वेळी हिंदी अचूक होती. त्यामुळे ती कबुली धरली गेली आणि प्रकरण कॉलनीच्या आपत्ति निराकरण समितीकडे गेलं. निकाल लागेपर्यंत मिक्सरला हात लावायचा नाही, असं ठरलं. घरात पेज चालू राहिली. पपई मऊ पडत चालली आणि अप्पा तिच्याकडे, एखादी गाडी डोळ्यांदेखत सुटावी, तसे बघत राहिले.

रविवारी समिती आली. चिंतामणीभाऊ अध्यक्ष, शुक्लाजी आपत्तीकर्ते आणि त्यांच्याच आग्रहावरून सदस्यही. कारण आपत्तीची खरी जाण त्यांनाच होती. समितीपुढे पहिला प्रश्न उभा राहिला: आवाज ऐकल्याशिवाय आवाजाविषयी मत कसं बनवणार?

"चलाइए," शुक्लाजी म्हणाले. "परीक्षण के लिए चलाइए।"

"रिकामा चालवू?" मीनाक्षीवहिनींनी विचारलं.

"खाली की आवाज अलग होती है, दीदी। जो डालना है, सब डालिए।"

पपई, आंबा, अननस, केळं, नारळाचं दूध, सगळं गेलं. मिक्सर गरजला. शुक्लाजींनी डोळे मिटून आपत्ती अनुभवली. भांड्यात सोनेरी रंगाची दाट स्मूदी तयार झाली आणि अप्पांनी पेला पुढे केला.

"थांबा, अप्पाजी," चिंतामणीभाऊ हळहळून म्हणाले. "हा परीक्षणाचा माल आहे. तुम्हाले कसा देता येईल? तुम्ही लाभार्थी ना. पक्षपात होऊन जाईन."

"मग काय ओतून देणार?"

"छे! अन्नाचा अपमान काहून करायचा?"

समितीने जड अंतःकरणाने तो माल नष्ट केला. शुक्लाजींनी मिशा पुसल्या आणि मत नोंदवलं की आवाज सह्य आहे, परंतु नारळ जरा कम आहे. सबब पुढच्या रविवारी फेरपरीक्षण व्हावं.

पुढच्या रविवारी फेरपरीक्षण झालं. तोवर स्मूदीची कीर्ती जिन्याजिन्याने पसरली होती आणि ज्यांची घरं पार फाटकाजवळ होती, त्यांनाही मिक्सरचा त्रास होऊ लागला होता. प्रत्येक आपत्तीकर्त्याला परीक्षणाला हजर राहण्याचा हक्क होता. खुर्च्या कमी पडल्या. एका बाईंनी आइस्क्रीम घालून आवाज कसा येतो, हे तपासण्याची मागणी केली. अप्पांची वाटी पेजेचीच होती.

त्या संध्याकाळी श्यामसुंदर वडिलांच्या पायाशी बसले. "अप्पा, मला माफ करा. तुमच्यासाठी एक ग्लास फळं मला मिळवता येत नाहीत."

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी मुलाकडे कीव करून पाहिलं. "तू नुसता मागतोस, श्याम. मागणाऱ्याला खातं पेज देतं."

तिसऱ्या रविवारी, मिक्सरचं झाकण लागण्यापूर्वी, अप्पा काठी टेकत उभे राहिले आणि दात नसल्याचं जरा ठळक करत, शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले, "मवा आपफ्फी आहे."

"क्या है?" शुक्लाजींनी विचारलं.

"आपफ्फी! घोव आपफ्फी!"

समिती हादरली. ज्याच्यासाठी मिक्सर चालायचा, त्याचीच आपत्ती! याहून वजनदार आपत्ती कॉलनीच्या इतिहासात आली नव्हती. लाभार्थी असल्याचा ठपका त्याच क्षणी पुसला गेला. अप्पांना मधली खुर्ची देण्यात आली आणि पहिला पेला, काठोकाठ भरून, त्यांच्या हातात ठेवला गेला. अप्पांनी तो सावकाश संपवला. डोळ्यांत पाणी आलं. "आवाव फाव आहे," आवाज फार असल्याचं मत त्यांनी दिलं, आणि पेला परत पुढे केला.

यथावकाश कवळी आली. रविवारी सकाळी ती खिशात असते. अप्पा आता कायमस्वरूपी आपत्तीकर्ते आहेत. मीनाक्षीवहिनींनीही गेल्या महिन्यात आपली आपत्ती दाखल केली. मिक्सर त्याच चालवत असल्याने त्यांचा त्रास सर्वांत जवळचा ठरला. कॉलनीत आपत्ती नसलेला माणूस आता एकच उरला आहे. तो शनिवारी फळं आणतो, रविवारी सोलतो आणि नंतर पेले विसळतो.

"चिंतामणीभाऊ," त्याने एकदा चाचरत विचारलं, "मलाही अर्धा पेला..."

"तुमची काही आपत्ती आहे काय?"

"नाही हो, माझी कशाची आपत्ती?"

"मग काहून मागून राहिले? ज्याची आपत्ती नाही, तो समाधानी. समाधानी माणसासाठी काही सोय नसते, साहेब. त्याच्या जिवावर तर बाकीची सोय असते."

राहता राहिले वाचक. एका उपाशी म्हाताऱ्याच्या तोंडची पपई आपल्या डोळ्यांदेखत दोनदा नष्ट करण्यात आली, तेव्हा आपण हसत होतात. एकदाही आपण वाचन थांबवून हरकत घेतल्याचं, मराठी अर्थाने किंवा हिंदी, आढळून आलेलं नाही. सबब आपल्याला समाधानी धरण्यात आलं आहे. रविवारी पेला घेऊन येण्याची तसदी घेऊ नये. येताना फळं मात्र आणावीत.