निवृत्तीची खुर्ची

आमच्या शेजारच्या मेश्राम भाऊजींकडे वेताची एक आरामखुर्ची आहे. बरीच वर्षं तिला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला होता आणि भाऊजी तिच्यासमोर लोखंडी स्टुलावर बसून चहा प्यायचे. कारखान्यातून कितीही दमून आले तरी खुर्चीवर बसायचे नाहीत. ती आणली त्या दिवशी मी दारातच होते. म्हटलं, "छान आहे हो खुर्ची."

"हो जी, वहिनी. निवृत्तीसाठी घेतली."

मी मान हलवली आणि आत आले. निवृत्ती कोण, हे विचारायचा धीर झाला नाही. मला कुणाला काही विचारायचं म्हटलं की आधी घाम फुटतो. आमच्या गावाकडे, जुन्नरच्या बाजूला, निवृत्ती पुष्कळ. माझा चुलतभाऊ निवृत्ती, गिरणीवाला निवृत्ती, शाळेत घंटा वाजवायचा तोही निवृत्ती. तसा भाऊजींचाही एखादा असेल, असं मी धरून चालले.

भाऊजी मूळचे भंडाऱ्याकडचे. खडकीत सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आमची आणि त्यांची भिंत एकच. आई होती तोवर तिचं सगळं त्यांनीच केलं. त्यात लग्नाचं राहून गेलं. आई गेली, गावाकडेही फारसं कुणी उरलं नाही. आता स्वतःच स्वयंपाक करतात आणि स्वतःशीच बोलतात. भिंत पातळ आहे, ऐकू येतं.

त्यांची बोलायची पद्धत न्यारी. नोकरीला नवीन लागले तेव्हा इथले लोक त्यांच्या 'करून राहिलो', 'काहून'ला हसायचे म्हणे. मग त्यांनी मनावर घेतलं आणि पुस्तकातले जड जड शब्द पाठ केले. पण 'करून राहिलो' काही सुटलं नाही. त्यामुळे आता दोन्ही एकदम येतं. "वहिनी, माझा भ्रमणध्वनी तुमच्याकडे वाजून राहिला का जी?" एकदा बसमध्ये कंडक्टरला म्हणाले, "स्वारगेटचं एक प्रवासपत्र द्या." कंडक्टर त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "पत्र पोस्टात मिळतं. इथं तिकीट आहे, देऊ?"

आता आमच्या क्वार्टरमधली सगळी माणसं साधी 'रिटायर' होतात. सत्कार होतो, शाल मिळते, क्वार्टर सोडावी लागते. तो शब्द मला चांगला माहीत होता. भाऊजींच्या तोंडून मात्र मी तो कधी ऐकला नाही. मग मला कसं कळावं?

खुर्चीनंतर एकेक वस्तू येत गेली. बुधवार पेठेतून दुर्बीण आणली, निवृत्तीसाठी. डोंगर चढायचे जाड बूट आणले, तेही निवृत्तीसाठी. मग बाजाची पेटी आली. कशालाही हात लावायचा नाही, सगळं कपाटावर जुन्या चादरीखाली. बुटांचं माप मात्र भाऊजींचंच होतं, ते मी बघून ठेवलं. म्हणजे सख्खा भाऊ असणार.

एक दिवस मी ठेचा दिला, तर म्हणाले, "वहिनी, निवृत्तीच्या दृष्टीनं तिखट चांगलं नाही."

तेव्हा मला कळलं की निवृत्तीची दृष्टी अधू आहे. बिचारा. म्हणून दुर्बीण. पण अधू डोळ्यांच्या माणसाला डोंगर कशाला चढवतात, हे काही मला उमगेना.

फार दिवस हिंमत गोळा करून एकदा विचारलं, "भाऊजी, निवृत्तीचं वय काय हो?"

"साठ," ते पटकन म्हणाले.

भाऊजी तेव्हा पंचेचाळिशीचे. म्हणजे हा थोरला. दोन-तीन वर्षांनी पुन्हा विषय काढला तर म्हणाले, "साठच की. काहून? सरकारनं वाढवलं का जी?"

सरकार कुणाचं वय वाढवतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी घाईघाईनं 'नाही नाही' म्हणाले आणि निघून आले.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो एकदा जिन्यात. भाऊजी उसासा टाकून म्हणाले, "पाहता पाहता निवृत्ती जवळ आली, वहिनी." आली! म्हणजे बाई? दोन दिवस मला भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. बाजाची पेटी वाजवणारी, डोंगर चढणारी, भाऊजींच्या मापाचे बूट घालणारी बाई मी डोळ्यांपुढे आणून बघितली. शेवटी ठरवलं की भंडाऱ्याकडे तसं बोलत असतील.

आमच्या ह्यांच्याजवळ बोलून बघितलं. "भाऊजी निवृत्तीचं किती करतात ना?"

"वेड लागलंय त्याला निवृत्तीचं," हे म्हणाले.

"आपण काहीच करत नाही."

"आपल्याला झेपणारंय का? ताट वाढ."

खरंच होतं. आपलंच आपल्याला पुरत नाही, शेजाऱ्याच्या भावाचं काय करणार? तरी दर दिवाळीला मी भाऊजींना चिवड्याचे दोन डबे द्यायला लागले. एक नेहमीचा झणझणीत, दुसरा बिनतिखटाचा. कुणासाठी ते सांगितलं नाही. त्यांना समजेलच, असं वाटलं. डबे धुऊन परत यायचे.

मग भाऊजी रविवारी बाहेर पडायला लागले. "निवृत्तीसाठी जागा पाहून राहिलो." कधी सासवडकडे, कधी तळेगावकडे. मला मनातून राग यायला लागला. एवढी खुर्ची आणली, एवढे बूट आणले, आणि माणसाला ठेवणार गावाबाहेर? स्वतःजवळ का नाही ठेवून घेत?

एका रविवारी म्हणाले, "एक जागा पसंत पडून राहिली. तुम्ही दोघं चला. आज इसार द्यायचा आहे. कोणाचं तरी मत असावं जी."

स्वारगेटहून बस धरून आम्ही भोरच्या रस्त्याला पार लांब गेलो. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली वसाहत होती. एका ओळीत खोल्या, सगळ्यांची दारं बंद. आजूबाजूला माळ. ऑफिसातल्या माणसानं एक खोली उघडून दाखवली. एक खाट, एक खिडकी. "इथं एकदम शांतता आहे," तो म्हणाला. "कुणी कुणाच्या दाराशी जात नाही."

भाऊजी खिडकीशी उभे राहिले. "पाखरं दिसतील," म्हणाले. मग इसारासाठी खिशात हात घातला, आणि मला राहवेना. आयुष्यात मी चार माणसांत बोलले नसेन, पण बोलले.

"भाऊजी, निवृत्तीभाऊंना विचारलंत का?"

"काय जी?"

"इथं राहतील का ते, एकटे? डोळ्यांनी अधू, साठीचा माणूस. तुम्ही खडकीत, ते इथं. बोलतील कुणाशी? आजारी पडले तर भाकरी कोण देईल? आपल्याजवळ ठेवून घ्या की त्यांना. खुर्ची तर आहेच."

"कोणाले?"

"तुमच्या भावाला. निवृत्तीला."

ह्यांना आधी कळलं. "अगं बाई, निवृत्ती म्हणजे रिटायर! रिटायर होणं!" असं म्हणून हे जे हसायला लागले ते पायरीवर बसलेच. ऑफिसातला माणूसही तोंड फिरवून हसला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

भाऊजी हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, दिवाळीले दोन डबे काहून येऊन राहिले होते मग?"

"एक तुमचा," मी खाली बघून म्हटलं. "बिनतिखटाचा त्यांचा."

"मले वाटलं, एक घाणा बिघडून राहिला तुमचा. म्हणून काही बोललो नाही." खिशातला हात तिथंच राहिला. "म्हणजे तो आला असता, तर त्याले भाकरी होती?"

"होती की. भिंतीपलीकडेच तर आहे चूल."

त्यांचा हात रिकामाच खिशातून बाहेर आला. ऑफिसातल्या माणसाला म्हणाले, "तो इथं राहणार नाही जी. त्याची खडकीत ओळख आहे."

परतीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला सरळ 'तीन तिकिटं' म्हटलं. शुद्ध बोलायचं विसरलेच बहुतेक.

जागेचा प्रश्न आहे तिथंच आहे. क्वार्टर तर एक दिवस सोडायचीच, त्यांनाही आणि आम्हालाही. आता रविवारी भाऊजी आणि हे दोघं मिळून खडकी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांतून हिंडतात. "लागून लागून दोन खोल्या मिळाल्या तर बघू," हे म्हणतात. "भिंत मात्र जाड बघा, मेश्राम. तुम्ही फार बोलता."

खुर्चीचा कागद निघाला. पण भाऊजी अजून स्टुलावरच बसतात. मी चहा घेऊन गेले की "बसा वहिनी" म्हणून खुर्चीकडे हात करतात. मी काही बसत नाही.

या दिवाळीला पुन्हा दोन डबे भरले. ह्यांनी विचारलं, "आता कशाला? कळलं ना तुला?"

कळलं होतं. तरी भरले. का, ते मला नीट सांगता येत नाही.

चार दिवसांनी भाऊजी डबे धुऊन घेऊन आले. दारातच उभे राहिले. आधी झणझणीताचा डबा दिला आणि म्हणाले, "फक्कड होता." मग दुसरा थोडा वेळ हातातच धरून ठेवला.

"निवृत्तीलाही आवडला, वहिनी. पुढच्या खेपेला मीठ जरासं वाढवा म्हणून राहिला."

"बरं," मी म्हटलं. "सांगा त्यांना, घालते म्हणून."