डबीतला दात

आबा घाडी भेटला की आधी दात दाखवायचा. तोंडातला नव्हे, डबीतला. चुन्याची पितळी डबी चिंचेने घासून लखलखीत केलेली, आत कापूस, कापसावर समोरचा वरचा दात आणि त्याच्या शेजारी हरभऱ्याएवढा काळा खडा. तुम्ही एस.टी.ची वाट बघत असा, सोलकढीचा पेला तोंडाला लावलेला असा, कोणाच्या बाराव्याला बसलेले असा, डबी उघडायचीच.

"बघा," आबा म्हणायचा, "वयान गेलो नाय. खड्यान गेलो."

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे. मी तिथल्या शाळेत मास्तर आणि दुर्दैवाने आबाचा शेजारी. बायको वारल्यापासून, आणि मुलगा मोहन मॅट्रिकला नापास होऊन कोणाला न सांगता निघून गेल्यापासून, आबाच्या घरात चूल पेटायची ती भातापुरती. बाकी सगळं पाकिटातलं. मालवणला गेला की स्टँडवरून पाकीटबंद चिवडा आणायचा आणि आमच्या घरच्या चिवड्याकडे नाक मुरडून सांगायचा, "ह्यो मशिनीतसून येता. माणसाचो हात लागणा नाय." तर त्या माणसाचा हात न लागलेल्या चिवड्यातच हा खडा निघाला, आणि आबाचा दात गेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

शहाण्या माणसाने चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसरा दात बसवून घेतला असता. पण आबा पडला रवळनाथाच्या देवळातला घाडी. दसऱ्याला देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. घाडी हात जोडून एकेक मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "होय महाराजा" म्हणतो. चांगला घाडी हे काम थोडक्यात आटोपतो. आबाला थोडक्यात हा शब्दच ठाऊक नव्हता. आंब्याला मोहर येऊ दे, जाळ्यात बांगडो गावू दे, इथपर्यंत ठीक. पण आबाच्या गाऱ्हाण्यात आचऱ्याची गाडी वेळेवर येऊ दे हेही असायचं आणि वायरमनाक सुबुद्धी दी हेही असायचं. संपलं असं वाटून लोक सोनं लुटायला हात पुढे करत, तेवढ्यात याचं शेपूट यायचं, "आनी बा देवा, जो कोण न सांगता गेलो आसात, तेका खंय आसात थंय सांभाळ." असेल तिथे सांभाळ या मागण्यालाही भुकेने कावलेला गाव कसंबसं शेवटचं "होय महाराजा" म्हणायचा. मला वाटायचं, मान मिळालाय तर माणूस किती ताणतो बघा.

दात गेला आणि मानकऱ्यांनी आबाला बोलावून घेतलं. दात पडायला लागले म्हणजे वय झालं, आता गाऱ्हाणं पुढच्या पिढीने घालायचं, अशी आमच्याकडची रीत. पुढची पिढी म्हणजे आबाचा पुतण्या दिगू. आबाने डबी उघडून किती सांगितलं, पण मानकरी म्हणाले, खडा काय, कोणीही रस्त्यावरून उचलून आणील. कागद दाखव.

तेव्हा ग्राहकांचा नवा कायदा नुकताच आला होता. आबा माझ्या पडवीत येऊन बसला.

"मास्तरानू, अर्ज लिवा. दात खड्यान गेलो असा सरकारान लिवन देऊक होया."

"भरपाई किती मागायची?"

"तुमका होयी तितकी मागा. माका कागद होयो."

"आधी दात तरी बसवून घ्या."

"म्हणजे पुरावो बुजवू?" आबाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच कंपनीचा माणूस. तेव्हापासून तो ते भोक देवघरातल्या समईसारखं जपू लागला. बोलताना त्यातून वारा सुटायचा, समोरच्याच्या चष्म्यावर तुषार उडायचे, पण पुरावा शाबूत.

तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक मंचापुढे मलाच बरोबर जावं लागलं. जाताना गाडीत मी त्याच्याकडून शुद्ध मराठीतली दोन वाक्यं घोकून घेतली. कंपनीचा वकील गुळगुळीत माणूस होता. तो हसून म्हणाला, "साहेब, या वयात दात चिवड्याने पडत नाहीत. आपोआप पडतात."

अध्यक्ष म्हणाले, "घाडी, तुमचं म्हणणं सांगा."

आबा उठला. आधी दाराबाहेर जाऊन चपला काढून आला. मग अध्यक्षांच्या टेबलासमोर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले, आणि माझी दोन वाक्यं विसरून त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"बा ग्राहक मंचा महाराजा, आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो आसा."

मागच्या बाकांवर कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं आपापल्या तारखांसाठी बसलेली. आमच्या मुलखातल्या माणसाच्या कानावर हा सूर पडला की तोंड आपोआप उघडतं. सगळी म्हणाली, "होय महाराजा."

"ह्या कंपनीन माझ्या खाण्यात खडो घातल्यान, तो तुझ्या नजरेक पडू दी."

"होय महाराजा." या खेपेला दारातला पट्टेवालाही होता. अध्यक्षांनी शेजारी पाहिलं, तर त्यांचा कारकूनही नुकताच तोंड मिटत होता. मी खाली मान घालून चपलांकडे बघत बसलो.

अध्यक्षांनी टेबल वाजवून गाऱ्हाणं थांबवलं. पण वकिलाचं बोलणं आबाला झोंबलं होतं. त्याने खिशातून अख्खी सुपारी काढली. "माझे दात कसले आसत ता बघा," म्हणाला आणि दाढेखाली धरून कडकन फोडली. दोन्ही खांडं टेबलावर ठेवली. बाकांवरच्या लोकांनी माना डोलावल्या. वकिलाचा चेहरा पडला.

परतीच्या गाडीत आबा गप्प. असा चमत्कार मी पाहिला नव्हता, म्हणून मीच डिवचलं, "काय आबानू, गाऱ्हाणं संपलं?" कसालला गाडी थांबली तेव्हा त्याने मूठ उघडली. मुठीत रक्ताने माखलेली एक अख्खी दाढ.

"सुपारीन?" मी विचारलं.

आबाने होकारार्थी मान हलवली आणि मूठ मिटली. मी जे हसलो ते मालवण येईपर्यंत.

निकाल आबाच्या मनासारखा लागला. अर्जदाराचे दात मजबूत होते, दात खड्यानेच मोडला, असं साफ लिहिलेलं. भरपाई आली ती आबाने देवळाच्या पेटीत टाकली. कंपनीने दिलगिरी म्हणून चिवड्याची एक पेटीही पाठवली. ती त्याने माझ्या शाळेत वाटली आणि प्रत्येक पोराला दम भरला, "खडो बघून खा रे."

दसऱ्याच्या आधी मानकरी देवळात जमले. कागद मीच वाचून दाखवला. थोरले मानकरी म्हणाले, "बरा झाला. यंदाय गाऱ्हाणा आबाच घालतलो." विषय संपला, माणसं उठायला लागली. दाढेचं फक्त मला ठाऊक होतं, आणि मी काही बोलणार नव्हतो. पण आबाचं तोंड उघडायच्या बेतात आहे हे पाहून मी त्याच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

"थांबा," आबा म्हणाला. देवाकडे तोंड केलं आणि बोट घालून गाल ओढला. "ही दाढ पन गेली. हिका खडो लागूक नाय. ही वयान गेली."

मान दिगूकडे गेला. बाहेर पडल्यावर मी त्याला झाडलं. इतके महिने मला राबवलंत, मंचापुढे माझी शोभा केलीत, आणि जिंकलेलं स्वतःच्या हाताने घालवलंत. तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

"देवासमोर कोणी इचारूक लागणा नाय," आबा म्हणाला. डबी खिशात ठेवली आणि घरी गेला. असल्या माणसाचं काय करायचं?

दसऱ्याला दिगूने गाऱ्हाणं घातलं. छान घातलं. आवाज खणखणीत, मागणी मोजकी. गाडी नाही, वायरमन नाही. ऊन कलायच्या आत आटोपलं. लोक खूश झाले, मीसुद्धा. आबा मागच्या खांबाला टेकून उभा होता. हात अजून जोडलेले. दिगूने हात सोडले, लोक आपट्याच्या पानांकडे वळले, आणि मला एकदम जाणवलं, शेपूट राहिलं.

ते शेपूट मी बारा-पंधरा वर्षं ऐकत होतो. मोहन गेल्याच्या दसऱ्यापासून. एवढा शिकलेला मी, शेजारी राहणारा, मोहनला चार वर्षं शिकवलेला, आणि मला ते ताणलेलं गाऱ्हाणं वाटत होतं. माणूस मानासाठी नव्हे, त्या एका ओळीसाठी भांडत होता.

खांबापासून आवाज आला. हवा सुटलेला, ओला, फाटका. "आनी बा देवा, जो न सांगता गेलो आसा, तेका खंय आसात थंय सांभाळ."

पुढची पोरं फिस्सकन हसली. कोणी उत्तर दिलं नाही. मान दिगूचा, गाऱ्हाणं संपलेलं, आता उत्तर द्यायचं कोणाला? आबा तसाच डोळे मिटून थांबला होता.

"होय महाराजा," मी म्हणालो. माझा आवाज शाळेतला, प्रार्थनेला पोरांना गप्प करणारा. देऊळभर झाला. दिगूने वळून पाहिलं. त्याने पुन्हा हात जोडले आणि तोही म्हणाला, मग मानकरी, मग सगळेच.

आबाने डोळे उघडले. माझ्याजवळ आला, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि दटावणीच्या सुरात म्हणाला, "मास्तरानू, इतक्या मोठ्यान कित्याक? देव बहिरो नाय."